पाणी कुठलं?

उद्या पाडवा. उद्यापासून पाणपोई. ओटीवरच्या भरल्या रांजणाला हौसाबाई गेरूचे पट्टे ओढत होती. दौलतमास्तरांनी पेटीतून मेलेल्यांची यादी काढली, दौत उघडली आणि तिच्यासमोर येऊन बसले.

"तीन वर्षांनी मुहूर्त लागला म्हणायचा," ती म्हणाली.

त्यांचा मुलगा गोविंदा पटकीनं गेला, तेव्हा तेराव्याला मास्तर चारचौघांत बोलून बसले होते, की पटकी कशानं होते ते शोधून पुस्तक लिहीन. त्याच पावसाळ्यात त्यांनी ठाण्याच्या एका डॉक्टरांकडून ग्रंथ आणला. दर वर्षी पाटलाच्या वहीतून माजिवडे गावात पटकीनं मेलेल्यांची नावं उतरवून घेतली. मग ग्रंथ फडक्यात, यादी पेटीत. कधी शाळातपासणी आडवी आली, कधी डोळे दुखले, कधी शाई वाळली. सगळी कारणं खरी आणि सगळी लबाड. मास्तर भीत होते. आज डॉक्टरांचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत ग्रंथ परत करा. तेव्हा कुठे सकाळपासून बसून त्यांनी तो संपवला. ग्रंथ सांगत होता, मेलेल्याचं नाव लिहा आणि पुढे तो कुठलं पाणी पीत होता ते लिहा.

आता कुणाची घागर कुठे भरते हे गावच्या बायकांना ठाऊक. मास्तरांनी तीन वर्षांत घरातल्या बाईला एकदाही विचारलं नव्हतं.

धाकू गुरव कुठलं पाणी प्यायचा? तळ्याचं, ती म्हणाली. मग म्हणाली, नाही, वैशाखात तळं आटलं की आपल्या पाणपोईचं. लोहाराची सून? पाणपोईचं. नाशकाकडचे दोघे गाडीवान? ते तर पाणपोईपाशीच बैल सोडायचे.

"मिठागरावरचा गॅब्रिएल?"

"तो ओंजळीनं प्यायचा. वर म्हणायचा, बाय, तुझ्या हिरीचं पाणी गोड हाय, घरवालीला तांब्याभर दे." तिचा हात थांबला. गेरू कोपरापर्यंत ओघळला. "त्याच्या मॅग्डलीनचं नाव आहे त्यात?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

तेवीस नावं. एकोणीस नावांपुढे एकच शब्द, पाणपोई. पुढे पुढे मास्तर नुसतं नाव वाचत, ती नुसती रांजणाकडे बघे.

मास्तर उठले. परसात गेले. बायकोला अंधारात शेतात जावं लागू नये म्हणून त्यांनी गोविंदा असतानाच हौसेनं शेतखान्याचा खड्डा खणवला होता, तेव्हा गाव हसलं होतं. त्या खड्ड्यापासून, रांजण जिच्यातून भरत त्या विहिरीपर्यंत त्यांनी हातानं जमीन मापली. अकरा हात. ग्रंथात निदान पन्नास लिहिले होते.

परत आले तेव्हा ती तशीच बसलेली.

"एक नाव राहिलं," ती म्हणाली. "सगळ्यात वरचं."

ते त्यांनी वाचलं नाही.

"पोट नाजूक झालंय म्हणालात म्हणून दोन वर्षं मी तुम्हाला पाणी उकळून देते. ते त्या पुस्तकात होतं?"

"पहिल्या पानांवर," मास्तर म्हणाले. "तिथंच मिटलं मी. पुढे वाचलं असतं तर गोविंदा कशानं गेला ते कळलं असतं."

"आणि त्याच्या नावानं पाणपोई घालताना हे ठाऊक होतं?"

मास्तरांनी दौतीचं झाकण लावलं.

रस्त्यावर बैलगाडी थांबली. धुळीनं भरलेला गाडीवान ओटीखाली आला. रांजण बघून त्याचा चेहरा उजळला. औंदा एक दिस आधीच का, बाय, बरं झालं, असं काहीतरी म्हणत तो वाकला आणि त्यानं तोंडाशी ओंजळ धरली.

हौसाबाईनं सवयीनं गडवा बुडवला. भरून वर काढला. पण ओतला नाही. ती वळली आणि तिनं तो नवऱ्यापुढे धरला.

"आधी तुम्ही प्या."

मास्तरांचा हात उठला नाही. खाली गाडीवान ओंजळ धरून तसाच वाकलेला होता, मान तिरकी करून दोघांकडे बघत.