चौमूंला गेलेलं शीड

अनिमेषच्या समुद्रसफरीतून प्रतिमाताईंना मिळणार होता भिशीत मिरवायला एक विषय. पणाला मात्र एकुलता एक मुलगा लागला होता.

त्याची शिडाची बोट गोव्याच्या बंदरात सज्ज होत होती. तिथून थेट आफ्रिका. जादा शीड ताईंनी जयपुरात, सोडाल्याच्या तंबूवाल्या बाबूलालकडून शिवून घेतलं आणि गच्चीत टांगलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात शीड ठिबकत होतं. ताईंनी थेंब जिभेवर घेतला. खारट. तिसऱ्या दिवशी खाली डबकं साचलं.

"आई, शीड पाठवलंस?" अनिमेषने फोनवर विचारलं.

"उंदरांनी कुरतडलं रे. तिथलंच घे."

शीड त्यांनी बाबूलालला फुकट देऊन टाकलं. तो हरखला. "भाभीजी, पास के चौमूं में एक शादी है, मंडप पर तान देंगे!"

पुढच्या महिन्यात अनिमेष आफ्रिकेला सुखरूप पोचला. ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

पेढा हातात धरून बाबूलाल कुजबुजला, "उस शादी में दूल्हा मंडप से ही गायब हो गया, भाभीजी. अब तक नहीं मिला. बस साफा मिला, भीगा हुआ."

ताईंनी त्याला आणखी एक पेढा दिला.

ताईंकडे मुलगा. चौमूंच्या त्या आईकडे साफा.