वकिलांची हद्द

"शेजारणीची सही आहे ना? मग मोजणी कशाला हवी?" परवानगी देणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही वर, त्या खाली. मधल्या उतारावर भिंत, भिंतीवर कुंपण. दोघांनाही मान्य आहे. पावसाच्या आत बांधून मोकळे व्हा की."

"त्यांना मान्य आहे, हीच तर अडचण आहे," वकील म्हणाले.

वकील म्हणजे काही खरे वकील नव्हेत. उभा जन्म विमा कंपनीत गेला. पण बोलणं सगळं नियमावर बोट ठेवून, म्हणून गल्लीने ही पदवी बहाल केली होती. त्यांनीही ती कधी नाकारली नाही.

भिंत तर हवीच होती. गेल्या पावसात घरामागची माती घसरली आणि मागच्या पायऱ्या अधांतरी लोंबू लागल्या. आणखी एक तसा पाऊस झाला, की अख्खं स्वयंपाकघर शेजारणीच्या अंगणात जाऊन बसणार. वकिलांची बायको हल्ली तिथे भांडंसुद्धा हलक्या हाताने ठेवायची.

म्हणून सही मागायला वकील खाली गेले, ते भांडणाची जय्यत तयारी करूनच. उताराच्या पायथ्याशी शेजारच्या वहिनींनी फुलझाडं लावली होती. ती पट्टी नक्की कोणाची, यावर ते चांगले तासभर बोलणार होते. वहिनींनी कागद वाचलासुद्धा नाही.

"कुठे करू सही, भाऊजी?"

वकिलांचा हिरमोड झाला. उतार चढून घरी येईपर्यंत हिरमोडाचा संशय झाला.

"एवढ्या झटकन कोणी सही करतं का? कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुमच्या डोक्यात मुरतंय," बायको म्हणाली. "मिळाली ना सही? आता गवंडी बघा."

पण वकिलांना जुनं आठवत होतं. हे घर बांधून होत आलं, तेव्हा वहिनींचा नवरा एका संध्याकाळी टेप घेऊन उतारावर आला होता. रस्त्यांच्या कामावरचा इंजिनियर तो. त्याने दोनदा मोजलं आणि चकार शब्द न काढता, तोंड पाडून घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज येऊन नव्या भिंतींवर पाणी मारू लागला, घर त्याचंच असल्यासारखा.

"तेव्हाच ओळखलं मी," वकील म्हणाले. "आपली जागा दाबली होती त्याने. म्हणून ती सेवा!"

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं हो तुम्हाला?"

वकिलांनी मोजणीचा अर्ज टाकलाच. बातमी खाली पोचायला कितीसा वेळ लागणार? त्याच दिवशी दिवेलागणीला वहिनी गुडघे धरत वर आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"भाऊजी, मोजणी नका आणू. भिंत पाहिजे तिथे बांधा. माझी फुलझाडं आत घेऊन बांधा, मी कुंड्यांत लावीन."

"वहिनी, हक्काची जागा असेल तर मोजायला भ्यायचं कशाला?"

वहिनींनी वकिलांच्या बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ह्यांनी जाताना मला वचनात अडकवून ठेवलंय. त्या हद्दीचा विषय कधी काढायचा नाही म्हणून. तुम्हीही नका ना काढू."

त्या गेल्यावर बायकोला जेवण गेलं नाही. वकील पोटभर जेवले. शेवटच्या घटकेलाही टोचत होतं तर बिचाऱ्याला! मधल्या खोलीतल्या पलंगावर आडवं झाल्यावर त्यांना वहिनींची कीवही आली. बाई एकटी, तिची कुठे अब्रू काढायची? पट्टी आपल्याकडे आली, तरी फुलझाडं राहू द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपल्याच मोठेपणाने त्यांना भरून आलं.

मोजणीच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून मागच्या दाराशी उभे राहिले. मोजणीदार तरुण होता, कामापुरतं बोलणारा. गल्लीच्या टोकाच्या जुन्या दगडापासून त्याने सुरुवात केली आणि नकाशा बघत बघत उतारावर येऊन यंत्र लावलं.

"खाली बघा, खाली," वकील वरून म्हणाले. "फुलझाडांपाशी. तिथेच सगळी गोम आहे."

खाली वहिनी आपल्या अंगणात बसल्या होत्या, इकडे पाठ करून.

मोजणीदाराने मोजलं. नकाशा उलगडून पाहिला. पुन्हा मोजलं. मग फुलझाडांकडे ढुंकूनही न बघता तो उतार चढून वर आला आणि लोंबत्या पायऱ्या चुकवून मागच्या दाराशी थांबला.

"सापडलं ना?" वकिलांनी विचारलं.

मोजणीदाराने मान डोलावली आणि बूट काढले. स्वयंपाकघराच्या दारात वकिलांची बायको उभी होती, तिला तो हळूच म्हणाला, "काकू, आत येऊ का? मधल्या खोलीतला पलंग जरा सरकवावा लागेल. हद्द त्याच्याखालून जातेय."