जावांचं स्टेटस

वास्तुशांतीच्या फोटोतून प्रणिताने आपल्याला कापलं आणि उरलेला फोटो डीपीला लावला, हे सुलभाच्या फारच जिव्हारी लागलं. दोघी सख्ख्या जावा, खांदेश्वरला एकाच मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या. पण तेव्हापासून बोलणं बंद. जे काही सुनवायचं ते स्टेटसवर. सकाळी सुलभाने टाकावं, 'मन छोटं असलं की फोटोतही माणसं मावत नाहीत.' दुपारी प्रणिताचं तयार, 'जळणाऱ्यांनी लांब उभं राहावं, आमच्या नव्या पडद्यांना धूर लागतो.' दोघींचे नवरे दोन्ही वाचत आणि मुकाट्याने डबा घेऊन कामावर जात.

एके दिवशी सुलभाने बराच विचार करून एक जबरदस्त टोमणा टाकला. दुपार टळली, संध्याकाळ झाली, तरी उत्तर नाही. झाडून सगळ्या नातेवाइकांनी पाहिला, प्रणिताने मात्र पाहिलासुद्धा नव्हता. सुलभाचा जीव खालीवर व्हायला लागला. ही बया आजारी-बिजारी तर नाही ना पडली? शेवटी तिने गॅस बंद केला आणि समोरची बेल वाजवली.

प्रणितानेच दार उघडलं.

"काय गं, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय, वहिनी? नेटपॅक संपलाय. हे आल्यावर मारतील रिचार्ज."

सुलभाच्या जिवात जीव आला. तिने प्रणिताच्या हातातून फोन घेतला, त्याला आपला हॉटस्पॉट जोडून दिला आणि म्हणाली,



"आता माझं सकाळचं स्टेटस बघ आणि काय ते उत्तर दे. मी घरी जाऊन वाचते."