हाकेला ओ

"भिंती चार साऱ्या घरा, त्यात नवल काय गं बाई, हाकेला ओ देणारं नाही, तर घर ते घर नाही." कणीक मळताना आई गुणगुणायची.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एकटीनं घर घेताना देवयानीच्या मनात तीच ओळ घोळत होती. खरेदीच्या कागदांसाठी बँकेला मान्य असलेला वकील हवा होता. तसे बरेच होते, पण तिनं थेट आपल्या मित्राचं ऑफिस गाठलं.

"अंकुर," तिनं दारातूनच हाक मारली.

"ओ," आतून आलं. जन्म इथला, पण ओ अस्सल मराठी.

तिचं सगळं ऐकून घेतल्यावर मात्र तो म्हणाला, "हे काम मी नाही घेणार. दुसरा वकील बघ."

"फी देईन रे. फुकट नको करूस."

"फीचं नाही गं."

"बँकेला तू चालतोस, मला चालतोस. मग घोडं कुठं पेंड खातंय?"

अंकुर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"बँकेचा रूल आहे," शेवटी तो हळूच म्हणाला. "वकिलाला स्वतःलाच त्या घरात राहायचं असेल, तर चालत नाही."