काठीचा मान

“ही नाही,” कमलबाई म्हणाल्या आणि बांबूची काठी त्यांनी परत केली.

देवीदासचा चेहरा उतरला. त्याच्या तिगावच्या शाखेने ती काठी पांढऱ्या कापडात गुंडाळून, खास गाडी करून सौंसरच्या मठात आणली होती. उद्या नव्या गाभाऱ्यात कारूबाबांची काठी बसवायची होती, आणि काठ्या निघाल्या होत्या दोन. बाबांना डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, बोरगावच्या कमलबाई. नात अर्चना त्यांना रिक्षाने घेऊन आली होती.

“आजी, नीट पाहून सांगा,” देवीदास म्हणाला. “बाबा शेवटी आमच्याकडेच राहून राहिले होते. हीच काठी टेकत फिरत.”

“असंल, बापू. मी खोटं नाही म्हणत. मी पाह्यली नाही, एवढंच. आम्ही त्या पंगतीनंतर गाव सोडलं.”

पंगतीचं नाव निघताच सभामंडपातल्या लोकांनी हात जोडले. कारूबाबांनी सगळ्या जातींची माणसं एका ओळीत जेवायला बसवली, तिथून हा पंथ सुरू झाला. मठाने छापलेल्या चरित्रात त्यावर अख्खा अध्याय आहे, आणि त्यात आकाशातून फुलं पडतात. कमलबाई तेव्हा परकरातली पोर होती. ती त्या ओळीत बसली होती.

“फुलं पडली होती न, आजी?” मागून कुणीतरी विचारलं.

“फुलं नाही पाह्यली बाप्पा. वांग्याची भाजी होती.”

लोक हसले. कमलबाई हसल्या नाहीत.

त्या काळी गाव त्याला येडा कारू म्हणायचं. वारल्यावर तो कारूजी झाला, मग बाबा, मग सद्गुरू. नव्या कमानीवर तर नाव मावेना, म्हणून पेंटरला अक्षरं बारीक करावी लागली. तसबिरीतला काळासावळा माणूसही दर छपाईला उजळत गेला. गेलेला माणूस कुणाला काही करायला सांगत नाही, त्यामुळे त्याला मोठं म्हणणं सोपं जातं.

“बाबा चालायचे कसे, आजी?” श्रीधरगुरुजींनी विचारलं. मठाचे अध्यक्ष तेच.

“चालाचे काय? पळे तो. बैलामागं पळे, आम्हा पोरायमागं पळे. कोणाच्या हाती लागत नसे.”

गुरुजी मंडपाकडे वळले. “जन्मापासून डावा पाय अधू, आणि तरी पळायचे. याला लीला म्हणतात.”

जयजयकार झाला. अर्चनाने आजीकडे पाहिलं. आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

दुसरी काठी गुरुजींच्या घरची. त्यांचे आजोबा गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, आणि चरित्राप्रमाणे बाबांचे पहिले शिष्य. गुरुजींनी लहानपणापासून पाहिलेलं होतं, आजोबा पहाटे अंघोळ करून ती काठी पुसत, तिच्यावर डोकं टेकत आणि रडत. काठी कुठून आली हे त्यांनी कधी सांगितलं नाही. “कारूची आठवण आहे, जपा,” एवढंच म्हणत. आजोबा गेल्यावर काठी दर्शनाला ठेवली. पाय दुखणारी माणसं लांबून येत आणि ती डाव्या पायाला लावून घेत. कित्येकांना गुण आला म्हणतात.

गुरुजींना रात्री झोप लागली नव्हती. काठी वाहून नेण्याचा मान तिगावला गेला तर जाऊ दे, पण आजोबांचं ते रडणं लोक खोटं ठरवतील, याची त्यांना भीती वाटत होती. त्या माणसाएवढी भक्ती त्यांनी दुसऱ्या कुणात पाहिली नव्हती.

त्यांनी काठी स्वतः कमलबाईंच्या मांडीवर ठेवली. काठी जाड, वजनदार होती, आणि एका टोकाला लोखंडी कडं, जरा वाकलेलं.

कमलबाईंनी कड्यावरून बोट फिरवलं. मग हात झटकन मागे घेतला आणि पदराला पुसला.

“आजी, तब्येत बरी आहे न?” अर्चनाने हळूच विचारलं.

“बरी आहे व.” त्यांनी काठी गुरुजींकडे सरकवली. मग म्हणाल्या, “हीच होय.”

शंख वाजला. देवीदास मनाचा मोठा, त्याने उठून काठीला नमस्कार केला आणि गुरुजींना मिठी मारली. गुरुजींचे डोळे भरून आले. आजोबा आत्ता इथे असायला हवे होते, असं त्यांना वाटलं. त्यांनी माइक कमलबाईंच्या तोंडाशी धरला.

“आजी, कशी ओळखली ते सगळ्यांना सांगा.”

“राहू द्या न, गुरुजी. ओळखली म्हटलं न मी.”

“असं कसं? तुमच्यानंतर सांगणारं कोणी नाही. पोराबाळांना कळलं पाहिजे.”

“सांगू?” त्यांनी अर्चनाला विचारलं.

“सांग न, आजी. जे पाह्यलं ते सांग.”

 पुढे बसलेल्या बायांनी मोबाइल वर धरले. कमलबाईंनी गुरुजींच्या हातावर हात ठेवला, घरातलं कुणी आजारी असल्यावर ठेवतात तसा.

“हे वाकडं कडं कशी इसरीन, गुरुजी? बाबाच्या बाजूलेच जेवत होती मी. तुमच्या आजोबानं याच काठीनं त्याचा पाय मोडला.”