दीड फूट जागा

मिलिंग मशीन म्हणजे धातू कापणाऱ्या यंत्रांचा राजा, आणि राजाला ऐसपैस जागा हवी, असं बद्रीनाथकाकांनी दुकानात शिरताच जाहीर केलं. मग आपल्या घरच्या वर्कशॉपमधल्या टेबलावर दीडच फूट जागा मोकळी असल्याचंही सांगून टाकलं. वाळूजच्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं मायक्रॉनमध्ये मापं घेतलेला हा माणूस बायकोच्या शिलाईच्या कापडी टेपानं एकेक मशीन मोजू लागला. सगळ्यात लहान मशीनही चार बोटं जास्त भरलं. "टेबलावर आणखी काय आहे, काका?" दुकानदारानं विचारलं. "आमच्या हिचं शिलाई मशीन." "मग उचला की ते!" "कसं उचलू? सुईखाली माझा सदरा हाय. एक बाही लावायची राहिलीय." "लई सोपं! सांगा ना काकूंना, तासाभरात लावून देतील." काकांनी टेप बोटांभोवती हळूहळू गुंडाळला. "ती जाऊन वर्ष झालं, भाऊ. याच्यापेक्षा बारकं नाय का एखादं?"