पाठ टेकताना

सत्तावन्न किलो गटाची फायनल बरोबरीत अडकली होती. कझाकस्तानची मुलगी रेटा देत कोल्हापूरच्या पोरीला मॅटच्या कडेला ढकलत होती. "बस खाली! टाक तिला डोक्यावरून!" कोचबाई ओरडल्या.

ज्युदोतला हाच डाव वर्षभर तिच्या गळी उतरत नव्हता. आधी आपण पाठ टेकायची, मग पोटाला पाय लावून समोरचीला उडवायचं. कोल्हापूरच्या तालमीत आप्पांनी लेकीला एकच गोष्ट शिकवली होती. जीव गेला तरी चालेल, पाठ मातीला लागता कामा नये. आणि आज आप्पा समोरच, पहिल्या रांगेत बसले होते.

टाच रेषेला लागली. तिने समोरचीची कॉलर घट्ट आवळली आणि धाडकन स्वतःच पाठीवर पडली. तिच्या पायावरून ती मुलगी पलीकडे उताणी आपटली. पंचांचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण, सामना संपला.

आप्पांनी मात्र ती पडतानाच डोळे मिटले होते. सुवर्णपदक घालून ती जवळ आली, तरी ते मान वाकडी करून तिच्या पाठीकडेच बघत होते.

"पाठ लागली की गं तुझी!"

"लागली नाही, आप्पा. मी लावली."